नीट बघून घेतलेल्या ट्रॅम्पोलीनबद्दल खुलासा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या अंगठ्याला पट्टी आहे, त्यामुळे हात पूर्ण जुळत नाहीत, पण भावना पूर्ण आहे असं समजावं.) तुझी तब्येत बरी असेल, वसतिगृहातलं जेवण अंगी लागत असेल आणि परिचारिकेच्या वरच्या परीक्षेचा अभ्यास मनासारखा होत असेल अशी आशा आहे. इकडे दोन्ही मुलं खुशाल आहेत. हे मी लिहायची रीत म्हणून लिहीत नाही. या रविवारी सकाळीच दोघांची वजनं घेतली: ठिणगी सत्तावीस किलो तीनशे चाळीस ग्रॅम आणि फुगा एकवीस किलो एकशे पंधरा ग्रॅम, दोघंही बुटांशिवाय. तू गेलीस त्या दिवसापेक्षा दोघंही भरली आहेत. हे आकडे जपून ठेव, कारण मुलांच्या आत्याबाईंचं पत्र तुला एव्हाना आलं असेल किंवा एक-दोन दिवसांत येईल, आणि त्यात मुलांबद्दल वेगळंच काही असेल. त्यांनी लिहिलेलं सगळं खरं आहे. फक्त ते तसं नाही.

सगळ्याचं मूळ तुझ्या फोनमध्ये आहे. (दोष देत नाही, मूळ सांगतो.) तू म्हणालीस, "पोरं गादीवर नाचून गादीचा भुगा करतायत, परसात एक ट्रॅम्पोलीन आणून टाक. नीट बघून घे." आणि फोन ठेवलास. आता दुसऱ्या कोणाला "नीट बघून घे" म्हटलं तर तो दुकानात जाऊन वस्तूला दोन थापा मारतो आणि घेऊन येतो. पण तू हे वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला सांगितलंस. आमच्या कारखान्यात "नीट बघणं" म्हणजे तीनदा बघायचं, तीनदा लिहायचं आणि तिन्ही आकडे जुळले नाहीत तर पहिल्यापासून सुरू करायचं. माझी शाळा आठवीत सुटली हे खरं, पण तेव्हापासून जे बघतो ते शेवटपर्यंत बघतो. त्यामुळे तुझे ते तीन शब्द मी अकरा आठवडे वागवले.

पहिल्या दुकानाच्या पाटीवर ट्रॅम्पोलीन हा शब्द तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिला होता. ज्याला आपल्या मालाचं नाव एकदाही सारखं लिहिता येत नाही त्याने स्प्रिंगा मोजून दिल्या असतील का, अशी शंका मनात आली आणि मी बाहेरूनच परतलो. दुसऱ्या दुकानातला विक्रेता गोड बोलायचा. तो म्हणाला, "डोळे मिटून न्या साहेब, शंभर किलोपर्यंत काही होत नाही." मी विचारलं, "शंभर किलो उभे की शंभर किलो उडते?" त्याने मला किंमत सांगितली. ताई, ही बाब मोठी आहे. मूल उभं असताना जेवढं भरतं तेवढंच उडी मारून खाली आल्यावर भरत नाही. मी सुट्टीच्या दिवशी ठिणगीला कारखान्यात नेऊन पोत्यांच्या मोठ्या काट्यावर उडी मारायला लावली होती, तेव्हा काटा एकदम शंभराच्या पुढे गेला आणि परत आला. (मालक तेवढ्यात आत आले. त्यांनी काटा बघितला. ठिणगीला लिमलेटची गोळी दिली आणि मला दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगितली.) हे मी विक्रेत्याला कागदावर आकृती काढून समजावलं. मला वाटलं त्याला पटलं, कारण तो "आलोच" म्हणून आत गेला. मी दुकान बंद होईपर्यंत थांबलो.

मग मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. रांगेत माझ्यापुढे सहा जण होते, सगळे कुठे ना कुठे मोडलेले. माझा नंबर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "कुठे दुखतंय?" मी म्हटलं, अजून कुठे नाही, पण मुलांसाठी कोणतं ट्रॅम्पोलीन घ्यावं? ते म्हणाले, "कोणतंही घ्या. आमचंही दुकान चाललं पाहिजे." मी वहीत लिहून घेतलं. तेव्हा त्यांना माझी कीव आली असावी, कारण पेन खाली ठेवून त्यांनी नीट सांगितलं: भोवती उंच जाळी हवी आणि ती स्प्रिंगांच्या आतल्या बाजूने हवी, म्हणजे पाय फटीत अडकत नाही, स्प्रिंगांवर जाड गादीची पट्टी हवी, जमीन सपाट, जवळ भिंत नको, झाड नको, कपड्यांची तार नको, कोलांटी नाही, सहा वर्षांखालचं मूल नाही, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एका वेळी एकच मूल, कारण बहुतेक हाडं दोघं एकदम उडाल्यावर मोडतात. फुग्याला सहा पूर्ण व्हायला एकोणीस दिवस होते, म्हणून मी एकोणीस दिवस थांबलो. तेवढ्या काळात फुगा कपाटावरून गादीवर उड्या मारत होता, पण त्याबद्दल डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं.

त्या दिवसांत मी परस मोजलं. तुझी कपड्यांची तार आड येत होती ती काढली. (सध्या कपडे पुढच्या खोलीत वाळतात. तुझ्या लग्नाच्या फोटोवर थोडी ओल आली आहे, पण दाजी अजून ओळखू येतात.) जमीन एका कोपऱ्यात दीड बोट खाली होती, ती भरली. शेजारचे निवृत्त टपालमास्तर, जे मी कामावर असताना मुलांकडे बघतात, ते भिंतीवरून सगळं पाहत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, "अरे, मुलं उडणार आहेत की विमान?" त्यांच्या झाडाची फांदी भिंतीवरून आपल्या परसात येते, तिचा विषय मी काढणार होतो, तो तेव्हा काढला नाही.

शेवटी तिसऱ्या दुकानातून घेतलं. तिथल्या बाईंनी मला एक स्प्रिंग घरी नेऊन ताणून बघायची परवानगी दिली, तिथेच माझं मन बसलं. जोडणी मी एकट्याने केली. पुस्तिकेत बहात्तर स्प्रिंगा लिहिल्या होत्या. सगळ्या लावल्या आणि पाहतो तर हातात एक उरली. ताई, तो क्षण मी शत्रूलाही देणार नाही. एक स्प्रिंग उरली म्हणजे एक जागा रिकामी. ती कुठे आहे हे दिसत नाही म्हणजे आणखी वाईट. सगळ्या काढल्या. पुन्हा लावल्या. पुन्हा एक उरली. (अंगठ्याची पट्टी याच फेरीतली.) तिसऱ्यांदा काढायला बसलो तेव्हा ठिणगी म्हणाली, "मामा, ही ती नमुन्याची नाही का, तू दुकानातून आणलेली?" होती. तीच होती. मी उठलो. आत जाऊन पाणी प्यायलो.

आता रविवारबद्दल. इथून पुढचं सावकाश वाच.

मुलांना चढवण्याआधी चाचणी घ्यायची हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं, आणि त्यासाठी मालकांच्या वहीत सही करून कारखान्यातली सरकारी शिक्क्याची वजनं आणली होती. वीस किलोचं एक लोखंडी वजन आणि वरचे एक किलो एकशे पंधरा ग्रॅम पिशवीत, म्हणजे ग्रॅमला ग्रॅम फुगा. तसंच ठिणगीचंही दुसरं बांधलं होतं. लोखंडाच्या कडेने चटई फाटू नये म्हणून फुग्याचं वजन त्याच्याच जुन्या लाल स्वेटरमध्ये गुंडाळलं, आणि वरची कडी टोचू नये म्हणून तिच्यावर त्याची कानटोपी बांधली. यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. मुलांना चुन्याच्या रेघेमागे उभं केलं, शिडीवर चढलो आणि कपाटाइतक्या उंचीवरून वजन सोडलं.

वजन जिथे ठेवावं तिथे राहतं, हा माझा दहा वर्षांचा अनुभव आहे. आमच्या धंद्यात वजन उसळत नाही. कोणत्याही काट्यावर आजवर उसळलेलं नाही. त्यामुळे ते परत वर येईल हा विचारच माझ्या डोक्यात आला नव्हता. त्यात अंगठ्यामुळे हात किंचित सरकला होता, म्हणून ते मध्यावर न पडता कडेला पडलं आणि तिरकं उसळलं. जाळी मुलांसाठी केलेली असते, लोखंडासाठी नाही. जाळी फाडून ते बाहेर गेलं.

नेमक्या त्याच वेळी मागच्या फाटकातून आत्याबाई आल्या. (त्या नेहमी मागूनच येतात. पुढून आलं की घर आवरलेलं दिसतं, असं त्यांचं म्हणणं आहे.) त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्या बाजूने सांगतो. त्यांनी पाहिलं की मी शिडीवर उभा आहे, माझे हात रिकामे आहेत, आणि त्यांचा भाचा लाल स्वेटर आणि कानटोपी घालून, दोन्ही बाह्या पसरून, हवेतून येतो आहे. तो त्यांच्या खांद्यावरून गेला आणि त्यांनी नुकत्याच उभ्या केलेल्या स्कूटरच्या सीटवर आदळला. आवाज लोखंडाचा झाला. त्यावर आत्याबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी माणसाचा म्हणून आजवर ऐकलेला नाही. त्याच क्षणी खरा फुगा रेघेमागून टाळ्या पिटत ओरडला, "मी गेलो! मी भिंतीपर्यंत गेलो!" आणि ठिणगी ओरडली, "मामा, आता मला टाक!"

आत्याबाई पायरीवर बसल्या त्या दहा मिनिटं उठल्या नाहीत. खऱ्या फुग्याला त्यांनी दोनदा चिमटा काढून पाहिला. मी म्हटलं, आत्याबाई, हा फुगा नव्हता, हे वीस किलोचं प्रमाणित वजन आहे, हवं तर शिक्का बघा. त्या म्हणाल्या, "शिक्का मार तुझ्या कपाळावर! दोन पोरं सांभाळायला दिली तर हा त्यांना फेकून बघतोय!" टपालमास्तरांनी भिंतीवरून पाण्याचा तांब्या दिला आणि माझी बाजू घेत ते म्हणाले, "बाई, वजन परत आलं, म्हणजे वस्तू चांगली आहे." ते बोलले नसते तर बरं झालं असतं. आत्याबाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "याच्या हातात पोरं नाहीत, पोरांच्या गळ्यात हा आहे. शनिवारी गाडी घेऊन येते. दोघांचे कपडे भरून ठेव. तुझ्या ताईला मी लिहिते काय ते."

ताई, गेले तीन दिवस मी विचार करतो आहे आणि मला त्यांचं म्हणणं पटत चाललं आहे. अकरा आठवडे मी ही मुलं पडणार कशी नाहीत याचीच तयारी करत होतो, आणि अकरा आठवड्यांत ती एकदाही उडाली नाहीत. परसात एवढं मोठं ट्रॅम्पोलीन उभं आहे आणि त्यावर मी "चाचणी चालू आहे" अशी पाटी टांगली आहे. मुलं शाळेतून येतात, पाटी वाचतात आणि आत जातात. ज्या मामाकडून एवढं होत नाही त्याच्याकडे तुझी परीक्षा होईपर्यंत आणखी तीन महिने मुलं ठेवणं हे त्यांच्या हिताचं नाही. आत्याबाईंचं घर मोठं आहे, त्यांना मुलं वाढवायची सवय आहे, त्या कशाचीही चाचणी घेत नाहीत. मी दोघांच्या बॅगा भरल्या आहेत. तू काळजी करू नकोस, अभ्यास कर. मोठ्यांना नमस्कार सांगायला तिथे कोणी नसेल, तर तो तूच ठेवून घे.

तुझा,
धाकटा

ता. क. जाळी शिवून घेतली आहे. स्कूटरची सीटही बदलून दिली. जुन्या सीटवरचा खड्डा मोजला, चार बोटं आहे.

ता. क. २. वर मी लिहिलं आहे की आत्याबाईंकडे जाणं मुलांच्या हिताचं आहे. ते खोडणार होतो, पण खाडाखोड केलेलं पत्र मला कोणाला पाठवता येत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला अंगठा तयार नाही. म्हणून इथे लिहितो: मुलांना पाठवू नकोस. बॅगा भरल्या खऱ्या, पण दोनदा भरून दोनदा रिकाम्या केल्या. संध्याकाळी घरात शिरल्यावर आधी दोघांच्या चपला मोजायच्या, चार भरल्या की मग दिवा लावायचा, अशी मला सवय झाली आहे. ताई, आत्याबाई दुसऱ्या कोणाचं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. शनिवारी दहाच्या आत त्यांना एक फोन कर. चाचणी मी थांबवतो. पाटी काढतो. उद्याच काढतो. (उद्या वारा कसा आहे ते बघून.)

ता. क. ३. आई मी ठिणगी. मामा पाकिट आणायला गेलाय म्हणून पटकन लिहीते. आम्ही रोज उडतो. मामा कामावर गेला की टपाल आजोबा पाटी उलटी करतात आणि पाच वाजता परत सुलटी करतात. एकदा मी एकदा फुगा असंच उडतो, आजोबा शिट्टी वाजवतात. एकदाच दोघं उडालो आणि फुगा कडेला गेला, पण जाळीने आतच अडवलं म्हणून काहीच लागलं नाही. म्हणजे मामाने बरोबर घेतलंय पण त्याला हे सांगायचं कसं ते कळत नाही. तू सांगू नको, तो परत सगळ्या स्प्रिंगा काढेल. आत्याकडे आम्ही जाणार नाही. तिथे आपण पडलो तर ती म्हणते काही नाही झालं उठ. मामा आधी विचारतो कुठे, मग किती, मग लिहून घेतो. तू फोन दहाला नको करू, आत्या नऊलाच निघते. आठला कर. फुग्याला पण सही करायची आहे, त्याला अजून एकच अक्षर नीट येतं.

फ