पोटातले जंतू आणि न उचललेला फोन

रत्नागिरी,
रविवार, दुपार

चि. हर्षद यास ताईचे पोटभर आशीर्वाद (सध्या आमच्या घरात पोटभर मिळणारी वस्तू हीच).

इकडे मी आणि तुझे भावोजी बरे आहोत. तुझी तब्येत तुलाच विचारायला हवी, पण तू फोन उचलत नाहीस आणि बायको असून राही "बरे आहेत" याच्यापुढे जात नाही. डायालिसिसहून आल्यावर अजून थंडी भरते का? पाणी मोजूनच पितोस ना? फोन कट करता येतो, पत्र कट करता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

मुंबईच्या डॉक्टरांपुढे त्या दिवशी आपण तिघं बसलो होतो. राहीचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला. मी हरखले तोच त्यांनी मला काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "एवढ्या वजनावर किडनी काढणं तुमच्याच जिवाला धोक्याचं. आधी वजन उतरवा, मग बघू." तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास. मला तुझं ते बघणं अजून दिसतं.

घरी आल्यावर मी भात सोडला, साखर सोडली, समुद्रकाठी भाट्याच्या पुळणीवरून धाप लागेपर्यंत चालले. काटा ढिम्म. शेवटी इथल्या दवाखान्यातल्या सानवीकडे गेले. ती आहार सांगते. म्हणाली, "काकू, उपाशी राहू नका. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू असतात. खाल्लेल्या अन्नाचं काय होतं, यात त्यांचाही थोडा हात असतो. त्यांना चोथा असलेलं द्या, कडधान्यं, पालेभाज्या, ताक. जादू होणार नाही, पण मदत होईल." तुझ्या भावोजींनी यातलं फक्त "जंतू" ऐकलं आणि परतताना औषधाच्या दुकानात जंताचं औषध मागितलं.

मला घाई होती (तुझ्यासाठीच ना रे). मी एकाच दिवशी कुळीथ, चवळी, माठ आणि वर आंबील असं सगळं पोटात ढकललं. संध्याकाळी देवळात भजनाला बसले तर आतून असा गडगडाट सुरू झाला की पखवाजवाल्याने ठेका सोडून माझ्याकडे पाहिलं. सानवी म्हणाली, "हळूहळू वाढवायचं होतं, काकू." मग हळूहळू वाढवलं, आणि काटा खरंच खाली सरकायला लागला. तोही हळूहळूच. इकडे राहीचा फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे.

अशात तुळसा वन्संच्या मुलाचं हातखंब्याला लग्न. तिथे मला खाण्यासारखं काही नसणार म्हणून मी नाचणीची आंबील बाटलीत भरून गच्च झाकण लावून घेतली. आंबवलेल्या वस्तूला गच्च झाकण लावू नये, हे मला एसटीत कळलं. गाडी खड्ड्यात आपटली, पिशवीत फट्‌ असा आवाज झाला आणि पुढच्या बाकावरच्या गृहस्थांचा पांढरा सदरा पाठभर भिजला. कंडक्टरने गाडी थांबवून पिशवी उघडायला लावली. गृहस्थांनी रुमाल काढून मान पुसली. हातखंब्याला ते आमच्याच मागून मांडवात शिरले तेव्हा कळलं की ते नवरीचे काका.

पंगतीत मी ताटातलं बाजूला सारत बसले होते. वन्सं आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वहिनी, आधी त्यांच्या काकांना भिजवलंस, आता त्यांचं अन्न टाकतेस? एक मोदक खाल्लास तर काय मरशील?" तुझं आजारपण कोणाला सांगायचं नाही, हे मला पाठ होतं. पण मुलीकडची माणसं माझ्याकडे बघत होती, आणि तोंडातून निघून गेलं, "मी नाही मरणार वन्सं. माझा भाऊ मरेल."

वन्संच्या हातातलं मोदकांचं ताट तसंच राहिलं. मग ते काका आपल्या पानावरून उठले, माझ्या ताटातला मोदक त्यांनी उचलून नेला आणि ताकाचा पेला आणून ठेवला. "बहिणीला आग्रह करू नका," एवढंच म्हणाले.

मी रत्नागिरीला पोचायच्या आत बातमी ठाण्याला तुझ्या घरी पोचली. तुझा फोन आला. "ताई, चारचौघांत मला बिचारा करून टाकलंस. मला तुझी किडनी नको." तेव्हापासून तू गप्प. मी काही रागावले नाही (रागावले होते, पण दुसऱ्या दिवशी तुझी डायालिसिसची पाळी होती, मग राग धरवेना).

आता तू स्वतः काय ते ठरव. मी इकडे मजेत आहे. ऑपरेशनची मला काडीची भीती नाही, झोपही छान लागते. राहीला आशीर्वाद.

तुझी,
सगुणाताई

ता. क. काल काटा डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याखाली आला. सानवीने खात्रीसाठी मला चपला काढून पुन्हा उभं केलं. मुंबईहून पुढच्या तपासण्यांना बोलावलंय. त्यांना तुझीही सही लागते, आणि ती मला करता येत नाही.

ता. क. २. झोप लागते हे खोटं लिहिलं. टेबलावर आडवी पडलेली मीच डोळ्यांपुढे येते. आधी मला आत नेतात म्हणे, तुला नंतर. तर मला न्यायला येईपर्यंत माझ्याजवळ बसशील का? बोलायचं नसलं तर बोलू नकोस. हेच विचारायला फोन करत होते.