दारं सरकली त्याचं कारण

३ मार्च
पाकीट दातानेच फाडलं. कात्री शोधण्याएवढा धीर कुणाला! कथा परत आलेली नाही — पत्र आलंय. संपादक लिहितात, ‘दारं’ आवडली, वार्षिक अंकात घेतो. फक्त दारं का सरकली ते शेवटपर्यंत कळत नाही. एखादा शास्त्रज्ञ आणून चार ओळींत कारण द्यावं.

कथा अशी: एका गावात लोक सकाळी उठतात, तर प्रत्येक घराचं दार शेजारच्या भिंतीत गेलेलं. माणसं कपाटं हलवतात, पायपुसणी उचलून नव्या दारापाशी टाकतात आणि कामाला जातात. बस्स. कारण असतं तर मी ती लिहिलीच नसती.

इतकी वर्षं नकार पचवले ते आता चार ओळींसाठी वाकायला नाही. तसं कळवलं. खाली घरचा फोन नंबर दिला. भांडायचं असेल तर भांडा!

५ मार्च
ऑफिस. नव्या मिक्सरचं माहितीपत्रक. तीन रकाने — तक्रार, कारण, उपाय. पातं फिरत नाही: भांडं नीट बसलेलं नाही. जळका वास येतो: यंत्रावर ताण पडला आहे. साहेब म्हणाले, “मॅडम, कारणाचा एक रकाना रिकामा राहिलाय.” भरला. पोटासाठी भरते. घरी येऊन नाही भरणार.

८ मार्च
वाचनालयातून आणलेला जाडजूड संग्रह संपवला. शेवटच्या कथेत नायक चंद्रावर हरवतो, वणवण करतो, आणि शेवटच्या ओळीत अंथरुणात जागा होतो! पुस्तक आपटलं. आई आतून — “कोण पडलं गं?”

एकच कथा खरी. तळ्याचं पाणी दर वर्षी वीतभर वर येतं आणि गावातलं कुणी त्याबद्दल बोलत नाही. ती दोनदा वाचली. जळफळाट झाला. असं लिहिता यायला हवं.

९ मार्च
आई उठताना: “एका कुशीवर अवघडले गं.” रोजचंच.

१२ मार्च
ताई आली. पर्स खाली ठेवायच्या आत सुरू. “त्याचं घर सोडलंस ते सोडलंस, पण आता दोन वर्षं झाली, निदान कारण तरी सांग. मारायचा?” नाही. “प्यायचा?” नाही. “दुसरी कुणी होती?” नाही. “मग?”

मग काही नाही. एका सकाळी उठले आणि तिथे राहता येईना.

“हे काय कारण झालं?” ताई म्हणाली. “लोकांना काय सांगायचं?”

लोकांचं राहू दे. समोरच्या काकू जिन्यात भेटल्या की माझ्याकडे अशा कळवळून बघतात, जसं काही त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

आई मटार सोलत होती. “तिला आधी चहा तरी दे,” एवढंच बोलली.

१९ मार्च
प्रूफ आलं. शेवटी माझ्या नसलेल्या चार ओळी! पांढऱ्या कोटातला एक शास्त्रज्ञ गावात येतो, भिंतीला कान लावतो आणि जाहीर करतो, “दारांनाही एका कुशीवर झोपून अवघडतं.”

लाल पेन. आडवी रेघ, समासात खोडल्याची खूण. इतकं दाबलं की मागच्या पानावर उमटलं. मग फोन.

संपादक थंड. “कमाल करता! तुमच्याच घरून मिळालंय ते. तुम्ही ऑफिसात होता, आईंनी फोन घेतला. मी कारण विचारलं, त्यांनी सांगितलं. शास्त्रज्ञ तेवढा माझा.”

म्हटलं, या ओळी राहणार नाहीत.

“मग कथाही राहणार नाही. विचार करा, सकाळी फोन करतो.”

फोन ठेवून रेघेखालचं वाक्य पुन्हा वाचलं. कुशीवर! रोज सकाळी ऐकते आणि ओळखता आलं नाही.

संध्याकाळी
आई ओट्यापाशी. म्हटलं, तू कशाला सांगितलंस त्यांना?

“तो सोडेचना. इकडे दूध उतू चाललेलं. दिलं सांगून काहीतरी.”

गोष्ट माझी आहे!

“तुझीच आहे. तुझी दुसरी गोष्टही अशीच निभावतेय. समोरचीला सांगितलंय, जावई झोपेत चालायचा. ताईच्या सासूला सांगितलंय, त्या घराला ओल होती. ज्याला जे पटेल ते. कारण मिळालं की माणूस उठून आपल्या घरी जातो.”

म्हणजे काकूंचा तो कळवळा! हसूही आलं, रागही आला. विचारलं, आणि तुला? तुला नको होतं कारण?

आई पातेलं विसळत होती. “तू बॅग घेऊन दारात उभी होतीस. मी बाजूला झाले. विचारलं होतं का काही?”

नव्हतं. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

“वाक्य बरं होतं पण,” ती म्हणाली. “खोडलंस?”

खोडलं.

“बरं केलंस. पातेलं पूस.”

२० मार्च
सकाळी फोन वाजला. आईने घेतला. “कारण नाही,” म्हणाली. पलीकडचं थोडा वेळ ऐकून घेतलं. “मग परत पाठवा,” म्हणाली आणि ठेवला. ऑफिसला जाताना कथेची दुसरी प्रत दुसऱ्या मासिकाला पोस्टात टाकली. खाली घरचाच नंबर दिला.