मायच्या उशाचा दगड

बा, शाळेतल्या बाईंबरोबर सहलीला कलकत्त्याला आले आहे. आज त्यांच्या आग्रहाने गोऱ्यांचं जुनं कब्रस्तान पाहिलं, आणि तेव्हापासून तुझा इतका राग आलाय की घास उतरत नाही. शे-दीडशे वर्षांपूर्वी गेलेली सहा महिन्यांची पोर. तिला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. तरी तिच्या उशाशी दगड आहे, दगडावर नाव आहे आणि म्हातारा राखणदार त्यावरचं शेवाळ खरवडत बसलाय. आणि माझी माय आपल्या घाटंजीकडच्या नाल्याकाठी नेमकी कुठे पुरली आहे, हे तिच्या पोटच्या पोरीला सांगता येत नाही.

नागपूरहून दीक्षा घेऊन आलास, तो दिवस मी विसरलेले नाही. चुलीमागचे देव, बांधावरचा म्हसोबा, सगळं तू टोपल्यात भरलंस. बरंच केलंस, त्या देवांनी आपलं काय भलं केलं होतं? पण मग तू मायच्या मातीपाशी गेलास. तिच्या उशाच्या दगडालाही शेंदूर होता. आत्या मध्ये आली. "भाऊ, थो देव नोहोय, वैनीचा दगड हाय!"

"शेंदूर लागला का देव झाला. एकबी ठेवाचा नाही," म्हणालास, आणि दगड उपटून डोहात टाकलास. स्वतःच्या बायकोचा दगड! हात कसा धजावला तुझा? वर्षभरात जमीन सपाट झाली, वर तरोट्याचं तण माजलं. मी कितीदा तिथे जाऊन नुसती उभी राहिले.

दगड टाकल्यावर तू मला दरडावून विचारलंस, "शेंदूर कोनं लावला वं?" मी आत्याकडे बोट दाखवलं. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि ती गप्प राहिली. त्यानंतर मरेपर्यंत तू तिच्या घरचं पाणी प्यायला नाहीस. बहिणीशी असं वागतं का कुणी?

आज दिवसभर तुला शिव्या घातल्या, बा, आणि त्या मी परत घेणार नाही. पण आपल्या नाल्याकाठचे सगळे दगड सारखेच होते. मायचा ओळखू यावा म्हणून शेंदूर मीच लावला होता. हा कागद वाचायला तू नाहीस. आत्या आहे, पण तिला पाठवायचं धाडस मला होत नाही.