बिननावाचा दगड

मुरुड, भाद्रपद वद्य पंचमी, शके १८५४

चि. शिवदास यास केसरताईचा आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले. सुकट यंदा बरी वाळली. सासूबाईंचे गुडघे पुन्हा धरलेत.

मद्रासहून तुझे पत्र पोचले. तिथल्या जुन्या तमिळ गाण्यांतले दर्याकाठचे लोक करवत माशाचे नाक वाळूत रोवून पुजायचे, हे ऐकून सासूबाई हसल्या. "म्हंजे आपलेच भाऊबंद की गो!" म्हणाल्या. मग पुढचे वाचले. लढाईत पडलेल्याचा दगड उभा करायचा, त्यावर नाव कोरायचे, मोरपीस नि ताडी वाहायची. तेवढे त्यांनी मला पुन्हा वाचायला लावले.

"त्यांचं बरं हाय. हात लावायला दगड तरी हाय."

आता लिहितेच. तुझे भावोजी गौरीच्या आदल्या दिवशी दर्यात गेले ते आले नाहीत. शेजारच्या येसाजीचा मचवा वादळात उलटला, म्हणून हे एकटेच होडी घेऊन धावले. येसाजी पोहत काठाला लागला. यांचा पत्ता नाही.

जातीतले जाणते म्हणतात, अवसेच्या आत दर्भाचा पुतळा जाळा आणि केसरच्या बांगड्या उतरवा. मी भांडले. लग्नात माझ्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला वाहिल्या, त्या कशासाठी? माझ्या माणसाला सांभाळ म्हणूनच ना? त्याने आधी त्या परत कराव्यात, मग माझ्या डाव्या हाताला हात लावा. लोक बोलतात. बोलोत मेले!

काल येसाजी गाडीतून काळा दगड घेऊन आला. सासूबाईंनीच सांगितला होता. त्याला तोंड वर करवेना. केवड्याच्या आडोशाला आम्ही तो उभा केला. सासूबाईंनी ताडी ओतली आणि दगडाला मिठी मारून हंबरडा फोडला. मला रडूच येईना. खरं सांगते, त्यांचा हेवा वाटला.

येसाजीने छिन्नी काढली. मी त्याचा हात धरला. नाव कोरले की माणूस गेला, असेच ना रे? तेवढे तिथल्या कुणा जाणत्याला विचार. उत्तराची घाई नाही. उशिरा आले तर बरेच.

आणि पाकिटावर माझ्या नावाआधी सौ. लिहायला विसरू नकोस. पोस्टमन काय म्हणायचे ते म्हणू दे.

तुझी ताई,
सौ. केसर