नवमीच्या ताटातली काडतुसं

अहो,

तुमचं नाव घेऊन कधी हाक मारली नाही, मग आता कशाला सुरुवात करू? नुसतं अहो म्हटलं की तुम्हाला कळायचं. अजूनही कळत असेल असं धरून लिहिते.

उद्या खंडेनवमी. तुमच्या आईने सकाळपासून पितळेचं ताट राखेने घासघासून लख्ख केलंय. तुम्ही गेल्यापासून या घरात हत्यारांची पूजा झाली नव्हती. यंदा होणार आहे. ती कशी ठरली हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. उत्तराची वाट बघत नाही. जिवंत होतात तेव्हा तरी माझ्या बोलण्याला कधी सरळ उत्तर दिलंत!

तुमची रायफल घरी आली. इतकी वर्षं ती पोलिसांकडे जमा होती. वसंतभावोजी गिरणीतली नोकरी सोडून कायमचे इकडे आले आणि परवाना त्यांच्या नावावर झाला. करायचं काय? वानरं शहाळी पाडतात, डुकरं उभं भात लोळवून जातात. तुमच्या त्या लहान तोंडाच्या टू-टू रायफलीने डुक्कर मरत नाही हे मलाही ठाऊक आहे, पण आवाजाने पळतं तरी.

आठवतं, ओटीवर बसून मला काडतूस दाखवलं होतंत? म्हणालात, मोठ्या बंदुकीच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध टिकली असते आणि पिन तिच्यावर आपटते. आपल्या टू-टूच्या काडतुसाला टिकली नाही. त्याचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेत गोल भरलेला असतो आणि पिन त्या कडेवरच आपटते. काडतूस चांगलं असेल तर मसाला सगळीकडे सारखा. वाईट असेल तर एका अंगाला भरलेला आणि दुसरं अंग मोकळं. मी म्हटलं, म्हणजे घाईत भरलेली करंजी, सारण एका कोपऱ्यात आणि बाकी नुसती पारी. केवढे हसलात! मग महिनाभर जो येईल त्याला तेच सांगत होतात, जसं काही तुम्हालाच सुचलं.

मामंजींना ती रायफल संस्थानच्या नोकरीत मिळाली होती, तेव्हाची विलायती काडतुसं होती तोवर कधी घोर नव्हता. चाप ओढला की वाजणार म्हणजे वाजणार. पुढे संस्थान गेलं, विलायती माल येईनासा झाला. तुम्ही आगबोटीने मुंबईला जायचात आणि दुकानदार देईल ते घेऊन यायचात. परवान्यावर मिळायची मूठभर, तीही कुठल्या तरी गोदामात पडून राहिलेली, गोळीच्या शिशावर पांढरी पूड चढलेली. त्यातली काही वाजायची, काही नुसती खट् करायची. एखादं असं वाजायचं की गोळी समोरच्या माडापर्यंतसुद्धा पोचायची नाही.

तेव्हापासून तुमच्या हाताला ती सवय लागली. काडतूस फसलं की नळीमागचा बोल्ट कडीसारखा जरासा मागे घ्यायचा, नखाने ते जागच्या जागी जरा फिरवायचं आणि बोल्ट पुन्हा लावायचा. पिन कडेवर नव्या जागी आपटायची आणि पुष्कळदा वाजायचंही. फसलेलं काडतूस तुम्ही फेकून दिलेलं मी पाहिलं नाही. मिळतच नव्हती तर फेकणार कुठून? आणि समोर असायचं वानर. ते पळालं तर पळालं.

आता तेलाचं. या खाऱ्या वाऱ्यात आपण कशाला तेल लावत नाही? कडीला, कुलपाला, कोयत्याला, विळीला. नवमीला ताटात रायफल, शेजारी कोयते आणि पुढे काडतुसांचा डबा उघडून ठेवलेला. तुमची आई खोबरेलात आंगठा बुडवायची आणि एकेक काडतूस हातात घेऊन चोळायची, लहान पोराला न्हाऊ घालावं तसं. पांढरी पडल्येत बिचारी, म्हणून जरा जास्तच. मग हळदकुंकू. मग डबा तसाच बंद करून फडताळात.

मला तेव्हाही ते बरं वाटलं नव्हतं. मी तुम्हाला मागच्या पडवीत विचारलं की तेल आत दारूला लागलं तर? तुम्ही तोंडातली सुपारी इकडची तिकडे केलीत आणि म्हणालात, "लावू दे गं. तिची पूजा आहे. फसलं तर फिरवून लावू."

फसलं तर फिरवून लावू! अहो, सगळ्या गावाला तोंडावर नाही म्हणणारा माणूस तुम्ही. आईला एवढं एक नाही म्हणता आलं नाही? तिला वाईट वाटलं असतं, दोन दिवस गाल फुगवून बसली असती आणि तिसऱ्या दिवशी विसरली असती. या गोष्टीचा राग मला अजून येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत.

आपल्या बंड्या कुत्र्याचा मात्र मला कधी राग आला नाही. त्याला डोंगराकडचा पिसाळलेला कोल्हा चावला होता ते आपल्याला कळलंच नाही. झोडणीच्या दिवसांत तो खाईना, कोपऱ्यात तोंड घालून बसू लागला. मग त्या दुपारी खळ्यात भाताच्या उडवीला अंग घासत फिरत होता, तोंडाला फेस, आणि डोळे आपल्याला ओळखत नव्हते. शेजारचे कमळूभाऊ म्हणाले, चार जण काठ्या घेऊन घेरू. तुम्ही ऐकलं नाहीत. तुमचा कुत्रा, तो काठ्यांनी मरायचा नाही, एका गोळीत जाईल असं म्हणून रायफल काढलीत.

आणि एका गोळीत जावा म्हणून इतके जवळ गेलात! माया होती, मला कळतं. पण थोडी लांबून केली असतीत तर काय बिघडलं असतं हो?

मी पडवीत खांबाला धरून उभी होते. तुम्ही नेम धरलात आणि चाप ओढलात. खट्. कमरेच्या पिशवीत त्याच डब्यातली दुसरी काडतुसं होती. मी ओरडले, दुसरं घाला. ऐकू आलं का तुम्हाला? तुमचा हात आपल्या सवयीने गेला. बोल्ट मागे, नखाने काडतूस फिरवलं, बोल्ट पुढे. पुन्हा खट्. तेवढ्यात बंड्या तुमच्या अंगावर होता. त्याने तुमचा गाल धरला. कमळूभाऊंनी कोयत्याने त्याला तोडला तेव्हा कुठे सुटला.

तुम्हाला घरात नेल्यावर कमळूभाऊंनी रायफलीचा बोल्ट पुरता मागे ओढला आणि ते काडतूस खळ्यात पडलं. ते मी उचललं. का उचललं, सांगता येत नाही.

अलिबागला इस्पितळात पोटात इंजेक्शनं झाली. जखम तोंडावर आहे, फार आशा धरू नका, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. पण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून ओळखलंत, हो ना? मग एका सकाळी मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तुमचा घसा आवळला. भरतीची खाडी पोहून पलीकडे जाणारा माणूस, आणि तांब्याला घाबरला! ओटीवरून खाडी दिसते म्हणून तुम्हाला आतल्या खोलीत ठेवावं लागलं. पुढचं लिहीत नाही. तुम्हालाही ते माहीत आहे आणि मलाही.

तुमच्या तेराव्याला जमलेल्या माणसांत कुणीतरी बोललं की काडतुसात तेल गेलं असणार. हळूच बोललं, पण तुमच्या आईचे कान तेव्हाही तिखट होते. त्या दिवसापासून तिने तेलाला बोट लावलं नाही. डोक्याला नाही, पायाला नाही. देवाजवळचा दिवा मी लावते. केसांच्या जटा व्हायला आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, भिंतीला धरून चालते. मी तिला कधी शब्दाने दुखवलं नाही, हे तुम्हाला शपथेवर सांगते. पण एकदा पान वाढायला गेले तर उजवा हात पुढे धरून बसली होती. म्हणाली, "ह्या आंगठ्याने मारला गं मी त्याला." मी पान ठेवलं आणि आत गेले.

म्हणून रायफल आली तेव्हा मीच हट्ट धरला की आधी ती बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला दाखवायची. भावोजींना वाटलं, वहिनी घाबरल्या. माझ्या मनात वेगळंच होतं. पिन झिजलेली निघावी, तुटलेली निघावी, काहीही निघावं, पण खोट रायफलीतच निघावी. म्हणजे घरी येऊन तिला सांगता आलं असतं. एस.टी.त बसल्यापासून मी देवाकडे तेवढंच मागत होते.

अलिबागला भावोजी परवान्यावर शिक्का मारून घ्यायला कचेरीत गेले आणि मी मिस्त्रीच्या दुकानात बसले. म्हातारा माणूस, बोलणं कमी. त्याने पिन भिंगातून पाहिली. मग नवं काडतूस घालून मागच्या वाळूच्या पेटीत झाडलं. पहिल्या फटक्याला वाजलं. म्हणाला, "पिन चांगली आहे, बाई. ही रायफल तुमच्या नातवंडांना पुरेल."

मग मी तुमचा डबा पुढे केला. त्यातली चारपाच त्याने एकामागून एक घालून पाहिली. खट्, खट्. एक नुसतं फुस् झालं. मग चिमट्याने एकाचं शिसं उपटून आतली दारू कागदावर ओतली. ती सुटी पडायला हवी होती. ओल्या रव्यासारखी गोळा होऊन पडली. वास आला तो खवट खोबरेलाचा. अहो, तो वास मी कुठेही ओळखला असता.

मिस्त्री म्हणाला की माल जुना होता, त्यातली थोडी तशीही फसली असती. पण तेल शिसं आणि पितळेच्या मधून आत झिरपलं आणि कडेतल्या मसाल्यापर्यंत गेलं. मसाला एका अंगाला कमी असेल तर फिरवून उपयोग, सगळाच तेलात भिजला तर किती फिरवणार? म्हणजे माझी हाक तुम्हाला ऐकू आली असती आणि तुम्ही दुसरं घातलं असतंत, तरी तेही वाजलं नसतं. इतकी वर्षं मी त्या हाकेपाशी अडून होते. ते एक ओझं उतरलं आणि हे दुसरं चढलं.

घरी आले तर तुमची आई ओटीवर बसून होती. मी पायरी चढायच्या आधीच तिने विचारलं, मिस्त्री काय म्हणला. मी चपला काढल्या, पाय धुतले. तेवढ्यात काय ते ठरवलं.

"पिन झिजली होती," मी म्हटलं. "नवी बसवली त्याने."

"म्हंजे त्या तेलाचा दोष न्हाय?"

"न्हाय आई. तेलाचं काही नव्हतं."

तिने उजव्या हाताचा आंगठा चाचपला. मग म्हणाली, वाटीत जरा तेल दे. मी आणून दिलं. तिने बोटं बुडवली आणि स्वतःच्या टाळूवर थापली. ते मला बघवेना, म्हणून मीच मागे बसले आणि तिचे केस सोडवत राहिले. दोघी रडलो. पण ती वेगळ्या गोष्टीसाठी रडत होती आणि मी वेगळ्या.

खोटं बोलले. तुम्ही असतात तर खरं सांगितलं असतंत का? नसतंच सांगितलं. आईला दुखवायचं नाही हे तुमचंच ना? आता ते माझ्याकडे आलंय.

पण म्हातारी कुठे थांबते! दुसऱ्याच दिवशी म्हणाली, यंदा नवमीची पूजा मांडायची, काडतुसं काढून ठेव, वसंताच्या हाताला यश येऊ दे. नाही म्हणावं तर का नाही? आणि हो म्हणावं तर भावोजींच्या हातात पुन्हा तेलातली काडतुसं!

मी पुन्हा अलिबागला गेले. भावोजींना म्हटलं, दाढ दुखतेय. मिस्त्रीला सांगितलं की डब्यातली पिन न आपटलेली जुनी काडतुसं रिकामी करा आणि शिसं होतं तसं वर बसवून द्या. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, कशाला ते विचारलं नाही. उद्या ताटात तीच जातील. तुमची आई एकेक चाचपून घेईल आणि जीव लावून चोळेल. हवं तेवढं तेल लागू दे त्यांना. दर नवमीला तीच निघतील.

नवी काडतुसं कोरड्या डब्यात, माझ्या ट्रंकेत आहेत. चावी माझ्या कमरेला. तुम्हाला शब्द देते, मी असेपर्यंत त्यांना तेलाचा हात लागणार नाही. भावोजींनाही बजावलंय की काडतूस फसलं तर नळी जमिनीकडे धरून थांबायचं, मग ते काढून खाडीत टाकायचं आणि नवं घालायचं. फिरवून लावायचं नाही. या घरात आता कुणी काही फिरवून लावणार नाही. आणि त्या दुपारी खरं काय झालं होतं ते तुमच्या आईला तिच्या मरणापर्यंत कळणार नाही.

एक मात्र ताटात ठेवणार नाही. खळ्यातून उचललेलं ते. मिस्त्रीलाही ते दिलं नाही. त्याच्या कडेवर पिनेच्या दोन खाचा आहेत, शेजारी शेजारी. तिला दिसायच्या नाहीत, पण आंगठ्याला लागतील. ते मी माझ्या कुंकवाच्या करंड्यात ठेवलंय. तो करंडा आता कुणी उघडत नाही.

तुमची,
यमुना