बाबांनी भिंतीला चिकटवलेलं पत्र

१० जानेवारी

चि. छकुलीस, काकाचे पोटभर आशीर्वाद.

अक्षरं तूच शिकवलीस, तेव्हा चुका झाल्या तर अर्ध्या तुझ्या. बेकरी ठीक चाललीय. दादाचा फ्लूचा ताप जाऊन दोन आठवडे झाले, खोकलाही गेला. ‘छाती मोकळी झाली असेल तर कामाला लागा’ हे तुझं पत्र त्याने भट्टीजवळच्या भिंतीला चिकटवलंय. कुणी जरा दमाने घे म्हटलं की तिकडे बोट दाखवतो. नर्सिंग शिकणाऱ्या पोरीने लिहून दिलंय, म्हणतो. गंमत म्हणजे हल्ली पीठ बसून मळतो! तीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. बुटाच्या नाड्याही सोडून फिरतो. फार ऐटीत आलायस, म्हणून मी चिडवतो.

अभ्यास सांभाळ, आणि आमच्यावरचा लोभही.

काका

१३ जानेवारी

ती. काकांना, घाईतला पण मनापासून नमस्कार.

काका, ही ऐट नाही. पाय सुजले असतील म्हणून नाड्या सोडल्यात, आणि दम लागल्याशिवाय बाबा बसायचे नाहीत. फ्लूचा विषाणू श्वासावाटे शिरतो, पण त्रास फुप्फुसापुरताच राहतो असं नाही. कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते, कधी मूत्रपिंडं दुखावतात, तेही ताप उतरल्यावर. त्या पत्रात मी फक्त छातीचाच विचार केला होता. खात्री नाही, शंका आहे. पण शंका आली की तपासायचं असतं.

मला वॉर्डातून रजा नाही, बेकरीचा फोन लागत नाही. म्हणून ओळखीच्या बाईंच्या हाती हे देतेय. मिळताच बाबांना इस्पितळात न्या, हृदयाचा आलेख काढायला सांगा. ते भिंतीकडे बोट दाखवतील. तेव्हा पुढची ओळ सगळ्या कामगारांसमोर मोठ्याने वाचा: बाबा, मी चुकले, ते पत्र फाडून टाका.

मला रागवा हवं तर, पण आधी त्यांना न्या.

तुमची छकुली

१५ जानेवारी

चि. छकुलीस, काकाचे इस्पितळातल्या बाकावरून आशीर्वाद.

सगळ्यांसमोर वाचलं. दादा म्हणाला, पुन्हा वाच. दुसऱ्यांदा ऐकल्यावर अर्धवट मळलेलं पीठ तसंच टाकून उठला.

तुझी शंका खरी निघाली. हृदयाला सूज आहे. वेळेत आणलंत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणखी काही दिवस राबला असता तर भट्टीपाशीच कोसळला असता. दाखल करून घेतलंय. पुढे निदान तीन महिने पिठाला हात लावायचा नाही. गोळी हातात दिली, तर दादाने बाईंना विचारलं, उद्या तुमचं चुकलं तर माझ्या पोरीसारखं लिहून द्याल का? बाई हसल्या, देईन म्हणाल्या. तेव्हा कुठे त्याने गोळी गिळली.

लोभ आहेच, तो आंबवलेल्या पिठासारखा फुगत राहो.

काका