गोधडी व्हाया इंग्लंड

३ जानेवारी २०२५, सकाळी

नवी डायरी. यंदा प्रत्येक काम आधी कागदावर मांडून मगच करायचं.

काम नंबर एक: गोधडी. अश्लेषाला डब्लिनमध्ये फेब्रुवारीअखेर बाळ होणार. आमचं पहिलं नातवंड. शैलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, डॉक्टर विमानाला साफ नाही म्हणतात. ऑपरेशनच्या आधीपासून चार महिने बसून तिने अश्लेषाच्या लहानपणच्या फ्रॉकांची गोधडी शिवली. म्हणाली, मी नाही तर निदान गोधडी तरी जाईल.

पाठवायची जबाबदारी मी घेतली. एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. घरातलं परराष्ट्र खातं माझ्याकडेच असणार.

५ जानेवारी

प्लॅन तयार. शैलाचा भाचा पुष्कर इंग्लंडात लेस्टरला असतो. सध्या सुट्टीवर अकोल्याला आलाय, नऊ तारखेला निघणार. गोधडी त्याच्या बॅगेतून लेस्टरला, तिथून पोस्टाने डब्लिनला. लेस्टर-डब्लिन म्हणजे काय, अकोला-अमरावतीच. मध्ये थोडं पाणी, एवढंच.

शेजारचे देवमनजी आले होते. तीस वर्षं पोस्टात पार्सल काउंटरला होते, त्यामुळे मत देणं आलंच. म्हणाले, "सर, ब्रेक्झिट झालं ना! इंग्लंड आता त्या युरोपच्या युनियनमंदी नाही, आयर्लंड हाये. तिकडून धाडान तं परदेशी माल होते तो, कस्टम लागन. इथूनच गिफ्ट म्हणून धाडा. अन् किंमत खरी लिहा."

मी नुसता हसलो. ब्रेक्झिटवर ज्येष्ठ नागरिक मंडळात मी पाऊण तास बोललोय. देवमनजी तेव्हा हजर होते. शेवटी शेवटी झोपले होते बहुतेक.

८ जानेवारी, अकोला

अमरावतीहून बसने येऊन पार्सल पुष्करच्या हाती दिलं. मुलगा सालस, पण फार प्रश्न विचारतो. "काका, आत खायचं काही नाही ना? तूप वगैरे?" नाही म्हटलं. हे खोटं नाही. गोधडीच्या घडीत डबा आहे, डब्यात गल्लीतल्या गोदाबाईंकडून करून घेतलेले अकरा डिंकाचे लाडू. बाळंतिणीचे लाडू म्हणजे औषध. औषधाला कोणी खाणं म्हणत नाही.

शैलालाही सांगितलेलं नाही. सरप्राइज.

२० जानेवारी

पुष्करचा फोन, थेट तिथल्या पोस्टातून. डब्लिनला पाठवायलाही कस्टम्सचा फॉर्म भरावा लागतो म्हणे. जरा आश्चर्य वाटलं, दाखवलं नाही. तो म्हणाला, "काका, तीस पाउंड लिहितो. घरच्या माणसाने घरच्या माणसाला दिलेलं गिफ्ट पंचेचाळीस युरोपर्यंत माफ असतं."

आता बघा. पुण्याच्या व्याह्यांनी चांदीचा खुळखुळा पाठवलाय. जावई गौरांगच्या दारात आमची गोधडी तीस पाउंडाचं लेबल लावून उतरणार? मी म्हटलं, पाचशे लिही. पुष्कर कां-कू करायला लागला. मागे रांग होती, तिथले लोक काहीतरी बोलत होते. म्हटलं, मोठ्यांचं ऐकावं. लिहिलं त्याने. वस्तू: गोधडी. किंमत: पाचशे पाउंड. खाली सही त्याची.

काम नंबर एक पूर्ण. उद्यापासून मॉर्निंग वॉक.

२८ जानेवारी

अश्लेषाला मेसेज आला. पार्सल कस्टम्समध्ये आहे. ड्युटी आणि व्हॅट मिळून सव्वादोनशे युरोच्या वर भरा, मग मिळेल. ती म्हणाली, "बाबा, मी भरून टाकते. आईची गोधडी आहे."

मी साफ मना केलं. गोधडी शिवली तुझ्या आईने, फ्रॉक तुझे, टॅक्स त्यांना कशाचा? तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तत्त्व नको, मला नववा महिना लागलाय. भावनेच्या भरात बोलते आहे.

३० जानेवारी

दिवसभर अभ्यास. इंग्लंड आणि युरोपचा करार सापडला! त्यात ड्युटी माफ आहे! शैलाला हाक मारून बोलावलं, ती काठी टेकत आली. तिच्यासमोर पुढचा परिच्छेद वाचला. सवलत इंग्लंडात बनलेल्या मालाला. आपली गोधडी इथे गाडगेनगरात बनली. व्हॅट तर तसाही माफ नाही.

शैला उभ्यानेच म्हणाली, "एवढ्यासाठी उठवलं?"

वॉक उद्यापासून.

५ फेब्रुवारी

आयर्लंडच्या अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. चार पानं. पहिलं पान भारत-आयर्लंड मैत्रीवर. मागणी एकच: पार्सल उघडा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा, ही व्यापारी वस्तू नसून आजीची माया आहे याची खात्री करा. अश्लेषाने सही करून पुढे पाठवला. तीन दिवस रोज चार फोन केल्यावर.

देवमनजींना वाचून दाखवला. म्हणाले, "बाकी ठीक हाये सर, पण उघडाले कायले लावून राह्यले? कस्टमवाल्याले कोनी आपल्या हातानं उघडाले लावते का?" मी म्हटलं, ज्याचं मन साफ त्याला भीती कसली.

लाडवांची आठवण झाली. बघू दे त्यांना. एखादा खाल्ला तरी हरकत नाही.

१३ फेब्रुवारी

अर्ज मंजूर. पार्सल उघडलं.

आत गोधडी आणि फॉर्मवर न लिहिलेला एक डबा. डब्यात तूप असलेला पदार्थ. युनियनच्या बाहेरून दुधातुपाचं असं पोस्टाने येऊ शकत नाही. पदार्थ नष्ट केला. पार्सल पाठवणाऱ्याकडे परत.

अश्लेषाचं फोनवर कस्टम्सचं पत्र वाचणं संपलं तेव्हा शैलाने विचारलं, "कोणते लाडू?"

मी औषधाचा मुद्दा मांडला. ती उठून आत गेली. पोळ्या गोदाबाईंच्या सुनेने केल्या.

१४ फेब्रुवारी

पुष्करचा फोन. मी त्याला धीर देणार होतो. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, मी तुम्हाला विचारलं होतं. त्या फॉर्मवर सही माझी आहे. मला इथे राहायचंय अजून." मी म्हटलं, अरे नियमच किचकट आहेत. तो म्हणाला, "नाही काका. साधा होता फॉर्म." मग म्हणाला, मीटिंग आहे.

रविवारी मीटिंग असते का? मग लक्षात आलं, आज शुक्रवार. रिटायर माणसाचं वारांचं गणित चुकतं. तेवढंच चुकलंय.

२१ फेब्रुवारी, दुपारी

मुलगी झाली! आठवडाभर आधीच. अश्लेषा छान आहे.

व्हिडिओवर बघितली. दवाखान्याच्या पांढऱ्या ब्लँकेटात गुंडाळलेली, नाक शैलाचं. शैला डोळे पुसत होती, आणि विचारलं काय तर, "ते कापड बोचत नाही ना गं तिला?" अश्लेषा म्हणाली, नाही आई, मऊ आहे. शैला "बरं" म्हणाली. मी वजन विचारलं. ते आधीच सांगून झालं होतं.

२४ फेब्रुवारी

गोधडी लेस्टरला परत पोचली. पार्सलची जबाबदारी शैलाने काढून घेतली, असं कोणी बोललं नाही. पण देवमनजी आले ते थेट तिच्यापाशी बसले. पुष्करला फोन लावला. मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलो, ऐकू येत होतं.

"लिहा पुष्करभाऊ. जुन्या कपड्याची हातानं शिवलेली गोधडी. एक नग. गिफ्ट. बाकी काईच नाही आत, बघून घेतलं ना?"

पुष्करने किंमत विचारली असणार. शैला म्हणाली, "तीस लिही. ती काय आहे ते मला माहीत आहे."

मी पेपर खाली ठेवून एक सूचना करायला दारापर्यंत गेलो. देवमनजींनी वर पाहिलं. आपुलकीने म्हणाले, "बसा ना सर, झालंच." मी बसलो.

११ मार्च, संध्याकाळी

पार्सल पोचलं. एक पैसा लागला नाही. अश्लेषाचा फोन आला तेव्हा बाळ गोधडीवरच झोपलं होतं, मूठ पिवळ्या फ्रॉकच्या तुकड्यावर. शैला नुसती बघत होती. मग अश्लेषाने देवमनकाकांना थँक्यू सांगितलं. ते मुद्दाम आले होते. पुष्करला कालच सांगितलं म्हणाली.

फोन माझ्याकडे आला. यावेळी ड्युटी का लागली नाही, हे मी समजावून सांगणार होतो. दोन मुद्दे लिहून ठेवले होते.

ती म्हणाली, "बाबा, आता तुम्ही काही पाठवू नका हं."

म्हटलं, नाही.

"शब्द द्या."

दिला. मग बाळ उठलं आणि फोन परत शैलाकडे गेला.